तिकडच्या चादरी

कपड्यावर कुणी उकळतं पाणी ओतताना दिसलं, की मास्तरांचं डोकं फिरायचं. मग ते अंगण ओळखीच्याचं आहे की परक्याचं, हे ते बघत नसत. अकोल्यात आमच्या गल्लीत एका बाईने, पडून कोपर फोडून आलेल्या मुलाचा सदरा पातेल्यात उकळायला ठेवला होता. मास्तर रस्त्याने चालले होते, ते सरळ तिच्या चुलीपाशी जाऊन उकिडवे बसले.

“काहून शिजवून राहिली वो माय? रक्त आहे ते! शिजवलेलं अंडं पुन्हा पातळ होते का? मंग हा डाग आता कसा निघन?”

बाई ओरडली. तिचा नवरा काठी घेऊन धावला. मास्तर पळाले, पण पळताना पातेल्यातला सदरा चिमट्याने उचलून घेऊन आले. वहिनी, म्हणजे त्यांच्या मंडळी, तो सदरा परत द्यायला गेल्या आणि येऊन म्हणाल्या, “तुमाले तिथं बोलावलं कोनी होतं?”

“सदऱ्यानं,” मास्तर म्हणाले. आणि ते हसत नव्हते.

गल्लीत त्यांना वेडा म्हणत. पुढे अमरावतीच्या शिकल्यासवरल्या मंडळींनीही तेच म्हटलं, जरा शुद्ध भाषेत. त्या मंडळींचा मला अजून राग येतो. इतकी वर्षं झाली, त्यातले बरेच जण गेले, तरी येतो.

मी कोकणातली. चौथीत शाळा सुटली, लग्न झालं आणि नवऱ्यामागे अकोल्याला आले. तो एका जिनिंग कारखान्यात होता. रुईची धूळ छातीत भरून खोकत खोकत गेला. परत जावं तर माघारी कुणी उरलं नव्हतं. इथली बोली कानावर पडली की मला वाटायचं, भांडण चाललंय. ‘मले काय सांगतं, तुले येत नाही का’ असा आवाज चढलेला ऐकून मी दार लावून बसायची आणि मग कळायचं, की शेजारीण मला जेवायला बोलावते आहे. मास्तरांच्या घराची मागची खोली आमच्याकडे भाड्याने होती. नवरा गेल्यावर वहिनींनी मला जेवू घातलं आणि मास्तरांनी नोकरीला लावलं. हे उपकार मी जन्मात विसरणार नाही. पण त्या उपकारापोटी मी त्यांची बाजू घेते आहे, असं कुणी समजू नये. माणूस त्रासदायक होता.

ते अकोल्याला शेतकीच्या मुलांना जंतुशास्त्र शिकवायचे. ती नोकरी त्यांनी एका जेवणाच्या डब्यापायी घालवली. जंतू वाढवायची एक उबदार पेटी त्यांच्या प्रयोगशाळेत होती. कुणी बडे पाहुणे यायचे होते, म्हणून वरच्या साहेबांनी पाहुण्यांचे डबे गरम राहायला त्या पेटीत ठेवले. मास्तरांनी ते उचलून व्हरांड्यात ठेवले. डबे कुत्र्यांनी उघडले. साहेब लाल झाले, तर हे त्यांनाच विचारतात, “तुमच्या सैपाकघरात मी माझ्या बश्या ठेवल्या तर चालन का?” झालं. मग अमरावतीच्या एका खाजगी प्रसूतिगृहात रक्त-लघवी तपासायची जागा मिळाली, आणि तिथे कपड्यांच्या खोलीत माझी सोय लावल्याशिवाय त्यांनी स्वतः रुजू व्हायचं नाकारलं. माझी आधी जात विचारून झाली, मग नाव विचारलं गेलं, आणि मी कामाला लागले.

त्यांच्या कोटाच्या वरच्या खिशात पेनाच्या जागी उष्णतामापक असे. तो ते कशातही बुडवायचे. अंघोळीच्या पाण्यात, हौदात, एकदा दवाखान्याच्या सेक्रेटरींच्या चहाच्या कपातसुद्धा. कोटावर हळदीचे, चहाचे, पानाचे डाग. लोक हसायचे, की डागांवर भाषणं देणारा हा माणूस स्वतः कसा राहतो बघा. मीही एकदा भीतभीत विचारलं. “हे डाग माझ्या गड्यांच्या खाण्यातले नाहीत,” ते म्हणाले. “जे आपल्याले जमत नाही ते झाकून काहून ठेवावं?” गडी म्हणजे त्यांचे जंतू. शेतावरच्या गड्यांबद्दल बोलावं तसं ते जंतूंबद्दल बोलत: आज गडी सुस्त आहेत, थंडीत गडी कामाले येत नाहीत.

आता चादरींचं सांगते, कारण सगळं तिथे घडलं.

माझ्या ताब्यात दोन कपाटं होती. एकात पांढऱ्या चादरी, त्या खोल्यांसाठी. खोल्या म्हणजे पैसेवाल्यांच्या. दुसऱ्यात तपकिरी डागांच्या चादरी, त्या जनरल वॉर्डासाठी. चादर नवी आली की आधी खोलीत जायची. तिथे डागाळली, भट्टीत सोडा घालून उकळली, डाग कायमचा बसला, की ती वॉर्डात यायची. इथपर्यंत मला काही वाटलं नव्हतं. गरिबाच्या वाट्याला जुनंच येतं, हे मला कुणी शिकवायला नको होतं. पण त्या दुसऱ्या कपाटातही एक खालचा कप्पा होता. तिथल्या चादरी म्हणजे डागावर डाग चढून नकाशे झालेल्या. त्या वॉर्डाच्या शेवटच्या, मोरीजवळच्या खाटांवर घालायच्या. पहिल्याच आठवड्यात मोठ्या सिस्टर मला म्हणाल्या, “या तिकडच्या चादरी. इकडे मिसळू द्यायच्या नाहीत.”

“तिकडच्या म्हणजे कुणाच्या?” मी विचारलं.

सिस्टरनी माझ्याकडे अशी नजर टाकली, की मी पुढे विचारलंच नाही. मोरीजवळच्या खाटांवर कोण बायका येतात, हे चार दिवसांत मला दिसलं. कुठे लिहिलेलं नव्हतं, कुणी तोंडाने बोलत नव्हतं. चादर बोलायची. डाक्टरीणबाईंपासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांना चादर बघून कळायचं, की या खाटेवरच्या बाईला हात लावल्यावर हात धुवायचे की तिला शिवायला नको म्हणून आधी पदर सावरायचा.

एक दिवस मूर्तिजापूरकडची एक शिक्षिका आली. सरकारी शाळेत नोकरीला, पहिलंच बाळंतपण. तिला मोरीजवळची खाट दिली. ती खाटेशी उभी राहिली आणि बसेना.

“बाई, ही चादर बदला.”

“धुतलेली आहे,” सिस्टर म्हणाल्या.

“धुतलेली असन. पन तिकडच्या बाईले दिली तशी द्या मले.”

“इथे हीच असते.”

“आमी बौद्ध आहो म्हनून का?”

 सिस्टर म्हणाल्या, असं काही नाही, नियम आहे. त्या बाईने चादर ओढून काढली, घडी घातली, अगदी नीट घडी घातली, ती माझ्या हातात दिली आणि उघड्या गादीवर आपल्या पिशवीतलं लुगडं अंथरून त्यावर निजली. तिचं बाळंतपण त्या लुगड्यावर झालं. बाळंतीण घरी गेली तेव्हा ते रक्ताचं लुगडं तिची सासू गाठोड्यात बांधून घेऊन गेली. तिने चादर काढली तेव्हा मास्तर दारात उभे होते. नळीत रक्त घ्यायला आले होते, ते तसेच नळी हातात धरून उभे.

 मग एका रविवारी मास्तर एक थैली घेऊन भातकुलीकडे गेले आणि तिथल्या शेतातली माती भरून आले. तिकडच्या मातीत खार. पाणीही खारं, पिण्याच्या कामाचं नाही. वहिनी म्हणाल्या, “आता माती काहून आनली? घरात कमी आहे का?”

“तिथं खारात जे गडी जगते ना, ते सोड्याले भ्यायचे नाहीत,” मास्तर म्हणाले. “गोड मातीतला गडी सोड्यात मरते. आपल्याले धुण्याच्या सोड्यात राबणारा पाहिजे.”

गव्हाचा कोंडा आणि सरकीची ढेप, म्हणजे पेंड, भिजवून, वाफवून, थाळ्यांत पसरली आणि त्यांत ते मातीतले निवडलेले गडी सोडले. घरातली एक थाळी रिकामी राहिली नाही. वहिनी पत्रावळीवर जेवायच्या. वास तर असा सुटला, की घरमालक येऊन विचारून गेला, काही मेलंय का. कोंड्याला चिकट तार सुटली की ते खूश व्हायचे. मग तो सावलीत वाळवायचा, दळायचा, चाळायचा. तयार झाली ती पिवळट पूड.

मला समजावं म्हणून ते विळ्याचा दाखला देत म्हणाले, “हे पाह्य. गडी आपल्या पोटासाठी रक्तामांसाचे तुकडे करते. त्यासाठी तो इळे वापरते. गडी वाळून गेला तरी इळे राहते. आपल्याले त्या इळ्यांशी काम. कोमट पान्यात इळा चालते. उकळलं की धार गेली.”

“मग भट्टी?”

“भट्टी मागून लाव. डाग निघाल्यावर तासभर उकळ, दोन तास उकळ, मी काही बोलनार नाही. दवाखाना आहे, उकळलंच पाहिजे. पन आधी नाही!”

आम्ही खालच्या कप्प्यापासून सुरुवात केली. एवढ्या वर्षांचे शिजलेले डाग एका भिजवण्यात कुठले जायला. पुन्हा भिजवायच्या, पुन्हा. पाणी आधी गढूळ, मग चहासारखं. धुणारा माणूस मला म्हणाला, “बाई, हे पानी पाहून मले उलटी येऊन राहिली.” पण तोच पहिली चादर तारेवर टाकून माझ्याकडे धावत आला. नकाशा गेला होता. उन्हात बघितलं तर फिकट पिवळी सावली दिसत होती, एवढंच. ताज्या डागाची चादर तर एका भिजवण्यात कोरी निघायची.

याच उत्साहात त्यांनी वहिनींचा लग्नातला शालू भिजवला. त्यावर दुधाचा जुना डाग होता. रेशीम किड्याच्या अंगातून येतं, त्यांच्या गड्यांना ते मांसासारखंच, हे त्यांनी मुलांना वर्षानुवर्षं शिकवलेलं. तरी भिजवला. सकाळी पाण्यातून उचलला तर नुसती जरीची तार हातात आली आणि रेशीम तळाशी लोळागोळा. वहिनींनी बादलीतून जरीच्या तारा वेचून काढल्या. मग म्हणाल्या, “डाग गेला मात्र. गड्यांले पंगत घातली म्हना.” मास्तर दोन दिवस जेवले नाहीत. आता हसू येतं, तेव्हा मला वहिनींसमोर उभं राहवत नव्हतं.

पण दवाखान्याच्या चादरी सुती होत्या, आणि त्या सगळ्या पांढऱ्या झाल्या. मी दोन्ही कपाटं पुसून घेतली आणि चादरी घड्या करून एकाच ओळीत लावल्या. मला इतका आनंद झाला होता, की मोठ्या सिस्टर आल्या तेव्हा शाबासकी मिळेल म्हणून मी बाजूला सरकून उभी राहिले.

“यांतल्या तिकडच्या कुठल्या?” त्यांनी विचारलं.

  मलाही कळत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी दवाखाना चालवणाऱ्या समितीचे सेक्रेटरी स्वतः आले. वकील माणूस, बोलणं गोड. गांधीजींच्या तसबिरीखाली त्यांची खुर्ची असायची, हे मुद्दाम लिहिते. मास्तरांना बोलावलं. मी दारात उभी, कारण चादरी माझ्या ताब्यातल्या.

“मास्तर, तुमचं काम उत्तम आहे. समितीला कौतुक आहे. फक्त आता चादरी ओळखायच्या कशा?”

“काहून ओळखाच्या?”

“व्यवस्था असते एकेक.”

“चादर पांढरी आहे का? आहे. उकळली का? उकळली. मंग कोनाच्या अंगाखाली जाते ते चादरीले काय करायचं?”

“आपण समजूतदार आहात. खोल्यांतल्या पेशंटांची तक्रार येईल. लोक येणार नाहीत. दवाखाना चालायला हवा ना?”

“मंग असं बोला ना, का डाग तुमाले पाहिजेच होता! मी इतके दिवस समजलो, तुमच्याच्यानं निघत नाही म्हनून ठेवला हाये!”

सेक्रेटरींचा गोडवा तिथे संपला. त्यांनी माझ्याकडे वळून हुकूम दिला: मोरीजवळच्या खाटांपुरत्या चादरी वेगळ्या काढ आणि त्यांच्या कोपऱ्याला बिब्ब्याची खूण घाल. धोबी कपड्याला घालतात तशी. बिब्ब्याची खूण कपडा फाटला तरी जात नाही. मास्तरांच्या पुडीनेही ती जाणारी नव्हती, ते गड्यांचं खाणंच नाही.

मी घरी जाऊन रडले. नोकरी गेली तर कोकणात जाऊन मी काय करणार होते? आणि खूण घालायची तर त्या शिक्षिकेने घडी घालून हातात दिलेली चादर मला दिसायची. मास्तर म्हणाले, “तू हात नको लावू. बिब्बा उतते, फोड येते. मी घालून देतो.” मला हायसं वाटलं. मी समजले, हरले बिचारे.

त्यांनी कपड्यांच्या खोलीत बसून दिवसभर सुई बिब्ब्यात बुडवून खुणा घातल्या. वरून चुना, खूण पक्की व्हावी म्हणून. वॉर्डातल्या चादरींना घातल्या, खोल्यांतल्या चादरींना घातल्या, उश्यांच्या अभ्र्यांना घातल्या, डाक्टरीणबाईंच्या टेबलावरच्या कापडाला घातली आणि जाता जाता सेक्रेटरींच्या खुर्चीवरच्या गादीच्या खोळीलाही. सगळ्यांना एकच खूण. संध्याकाळी त्यांचे हात कोपरापर्यंत फोडांनी भरले होते. तोंड सुजलेलं. वहिनी खोबरेल लावत होत्या आणि शिव्या देत होत्या. शिव्या कुणाला, ते मी विचारलं नाही.

समितीची बैठक झाली. तिथे चादरींचा विषयच निघाला नाही. निघाला तो जंतूंचा. ‘बाळंतिणींच्या चादरी जंतूंच्या पाण्यात भिजवून रुग्णांच्या जिवाशी खेळ’ असा ठपका ठेवून त्यांना काढलं. मी म्हणते, इतका निलाजरेपणा! भिजवल्यानंतर चादरी तासभर उकळत होत्या, हे सगळ्यांनी बघितलं होतं. त्या पाण्याने एका बाईला साधा ताप आला नव्हता. शिकलेली माणसं बसली होती तिथे, डॉक्टर बसले होते. एकानेही विचारलं नाही, की अहो, भांडण तर खुणेचं होतं ना? मला बोलावून विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. चौथी शिकलेल्या बाईला कोण विचारतो!

मास्तर आणि वहिनी अकोल्याला परत गेले. माझी नोकरी राहिली. सगळ्याच चादरींना खूण, त्यामुळे खूण निरुपयोगी झाली होती. मग काही महिन्यांनी खोल्यांसाठी नव्या चादरींचा माल आला, आणि मोठ्या सिस्टर म्हणाल्या, आता या बिनखुणेच्या इकडच्या. मी हो म्हटलं. त्या दुपारी हाताला तेल चोपडून मी तो सगळा माल बिब्ब्याच्या त्याच खुणेखाली काढला. सेक्रेटरींनी जाब विचारला. मी मान खाली घालून म्हणाले, “साहेब, खूण नसली तर धुलाईत चादरी बदलतात. मला वाटलं, दवाखान्याचं नुकसान नको.”  अडाणी बाई, एवढं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं मला वाचता आलं. पुन्हा नवा माल घ्यायला त्यांचं मन झालं नाही.

मग एके दिवशी मोरीजवळच्या खाटेवर एक बाई आली. शेतात मजुरी करणारी, कळा सुरू झालेल्या. तिने चादरीचा कोपरा उचलला, काळी खूण बघितली आणि मला विचारलं, “ही कायची निशानी?”

“सगळ्या चादरींना आहे.”

“सगळ्या म्हंजे? त्या खोलीतल्यायलेबी?”

“त्यांनाही.”

तिचा विश्वास बसला नाही. भिंतीला धरून ती उठली. मी म्हटलं, अगं पडशील. ऐकेना. एक कळ आली तेव्हा खांबाला धरून थांबली, पुन्हा चालली. पहिल्या रिकाम्या खोलीत गेली, गादीचा कोपरा उचलून चादर बघितली. मग तशीच भिंत धरत परत आली आणि आपल्या खाटेवर निजली. 

हे मास्तरांना कधी एकदा सांगते असं मला झालं. सुट्टी मिळाली तशी मी अकोल्याला गेले. ते ओसरीवर बसले होते. हातांवर बिब्ब्याचे काळे वण राहिले होते. वहिनींनी चहा ठेवला. मी नव्या मालाचं सांगितलं, सेक्रेटरींना दिलेलं उत्तर सांगितलं. त्यावर ते मांडीवर थाप मारून हसले. मग मी त्या बाईचं सांगितलं. ती कशी उठली, कशी गेली, कोपरा कसा उचलला, आणि परत येऊन कशी निवांत निजली.

त्यांचं हसू थांबलं.

“कळा येत होत्या तिले?”

“हो.”

“अन् भिंत धरून गेली.”

“हो ना.”

“अन् हे तू मले आनंदाची गोष्ट म्हनून सांगून राहिली?” ते उठून उभे राहिले. आवाज एवढा चढला, की रस्त्यावरची माणसं थांबली. “पोटात पोर आडवं येऊन राहिलं, अन् त्या माऊलीले आधी चादर तपासाले जा लागते! तिनं काहून जायचं? त्या वकिलानं यायचं होतं दाखवाले, कोपरा हातात धरून! निजली म्हने निवांत. ती काय निवांत निजली? ती थकून निजली!”

“अवो, पानी तरी घ्या,” वहिनी म्हणाल्या.

पण ते चपला घालत होते. कुठे निघालात विचारलं तर म्हणाले, स्टेशनावर. अमरावतीच्या गाडीले. मी म्हटलं, मास्तर, तिथे आता तुम्हाला आत कोण घेणार?

“आत कोनाले जायचं आहे? मी फाटकात उभा राहीन. येनाऱ्या एकेका बाईले सांगीन, चादर पाहाले उठू नको बाई, मी पाहून आलो.”

आणि खरंच निघाले. त्यांचा चहा तसाच राहिला. वहिनी दारापर्यंत गेल्या, मग आत येऊन त्यांनी पदर खोचला, घराला कुलूप लावलं आणि मला म्हणाल्या, “चाल. एकटे ते भांडतील फक्त. बायांशी बोलनं त्यांले जमनार नाही.”